नकाशावर नागपूरचा ठिपका पिवळा झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, सातवा महिना लागलाय. गेल्या आठवड्यात नागपुरात पहिला दणक्याचा पाऊस झाला आणि त्याच रात्री पुण्याहून जावयांनी किरणोत्सर्गाच्या एका जाहीर नकाशाचं चित्र पाठवलं. एरवी ०.११ दाखवणारा नागपूरचा हिरवा ठिपका पिवळा होऊन ०.१७ वर गेला होता. दोन-अडीच तासांत तो परत उतरला, पण घरातली भीती काही उतरली नाही. खिडक्या बंद, मुलीचं अंबाझरीला फिरायला जाणं बंद, आणि गच्चीवर ठरलेलं डोहाळजेवण आता आत हॉलमध्ये करायचं चाललंय. हा आकडा नेमका वाचायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देते, कारणं मग. खिडक्या उघडा. मुलीला फिरायला जाऊ द्या. तुम्ही आलेखावर जो फुगवटा पाहिलात तो पावसाचा होता. दर पावसाळ्यात तो येतो. तुमच्या-माझ्या लहानपणीही येत होता, फक्त तेव्हा तो दाखवणारा नकाशा कुणाच्या हातात नव्हता.

मी इथल्या एका कॅन्सर रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे, सव्वीस वर्षं झाली. रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे किरणोत्सर्गापासून सगळ्यांना सांभाळणारी अधिकारी, ही जबाबदारीही माझ्याकडेच आहे. माझी दोन्ही बाळंतपणं याच नोकरीत झाली. त्यामुळे तुमच्या घरात आत्ता काय चाललं असेल हे मला पुस्तकातून समजून घ्यावं लागत नाही. गरोदर असल्याचं कळवल्यावर आमच्यासाठी नियम असा असतो, की उरलेल्या महिन्यांत कामामुळे गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. अणुऊर्जा नियामक मंडळाचा हा नियम आहे आणि तो भरपूर सावधगिरी धरून केलेला आहे. सिव्हर्ट हे किरणोत्सर्गाचा डोस मोजायचं एकक; १ मिलिसिव्हर्ट म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट, आणि तुमच्या नकाशावरचे आकडे तासाला मायक्रोसिव्हर्टमध्ये आहेत. आता तुमच्या पावसाचा हिशेब करू. ०.१७ मधून नेहमीचे ०.११ वजा केले की उरतात तासाला ०.०६ मायक्रोसिव्हर्ट. तो आकडा तीन तास तसाच टिकला असं धरलं, खरं तर टिकला नाही, तरी जादा डोस झाला ०.१८ मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे त्या मर्यादेचा साडेपाच हजारावा हिस्सा. नेहमीच्या ०.११ नेच दिवसभरात २.६ मायक्रोसिव्हर्ट होतात आणि ते आपण सगळेच जन्मापासून घेत आलो आहोत. मुलगी पुण्याहून विमानाने आली असेल, तर उंचावर तासाला साधारण २ ते ४ मायक्रोसिव्हर्ट असतात. त्या एका प्रवासात तिला या पावसाच्या निदान पाच-सात पट डोस मिळाला. आणि तोही काळजी करण्यासारखा नव्हता.

आता आकड्यांकडे वळू. लोकांची सगळ्यात जास्त फसगत एककांत होते. एका नकाशावर ०.११ दिसतं, दुसऱ्यावर ११०, तिसऱ्यावर ११, आणि तिन्ही ठिकाणी गोष्ट तीच असते. पहिला आकडा तासाला मायक्रोसिव्हर्टमध्ये आहे, दुसरा नॅनोसिव्हर्टमध्ये, तिसरा मायक्रोरॉन्टजेनमध्ये. १००० नॅनो म्हणजे १ मायक्रो, आणि १०० मायक्रोरॉन्टजेन म्हणजे ढोबळमानाने १ मायक्रोसिव्हर्ट. युरोपातली सरकारी जाळी बहुधा नॅनोसिव्हर्टमध्ये बोलतात, जुनी रशियन आणि युक्रेनी यंत्रं मायक्रोरॉन्टजेनमध्ये, आणि काही ठिकाणी नॅनोग्रे लिहिलेलं असतं. ग्रे आणि सिव्हर्ट यांच्यात शास्त्राच्या दृष्टीने मोठा फरक आहे, पण गॅमा, म्हणजे एक्स-रेसारखे आरपार जाणारे किरण, मोजणाऱ्या नेहमीच्या नकाशापुरते ते जवळपास सारखे धरले तरी वाचणाऱ्याचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते ११० बघून ‘कालच्या ०.११ च्या हजारपट झालं’ असं समजण्यात. अशी चित्रं मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पाठवतंच.

दुसरी चूक जास्त शिकलेले लोक करतात, म्हणून ती नीट सांगते. एका इंजिनिअर गृहस्थांनी मला हिशेब करून दाखवला होता: ०.१७ गुणिले वर्षाचे ८७६० तास, म्हणजे १.४९ मिलिसिव्हर्ट. सामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. म्हणजे नागपूर मर्यादेच्या दीडपट झालं! गुणाकार बरोबर होता, पण तुलना चुकली होती. १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे ती माणसाने उभारलेल्या गोष्टींमुळे, म्हणजे अणुभट्टी, एक्स-रे खोलीची भिंत, कारखान्यातला सोर्स (किरण देणारा पदार्थ) यांच्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिळणाऱ्या डोसवर. निसर्गाकडून मिळतो तो त्यात धरलेलाच नाही, आणि पेशंटला तपासणीत मिळतो तोही नाही. निसर्गाचा जगभराचा सरासरी डोस वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या रेडॉन वायूचा आणि त्याच्यापासून तयार होणाऱ्या घटकांचा असतो. बाकीचा माती-दगडातून, आकाशातून आणि आपण खातो-पितो त्यातून येतो. केळं खाल्लं, पालक खाल्ला, तरी पोटॅशियम-४० पोटात जातंच.

रेडॉनचं नाव निघालंच आहे तर खिडक्यांचं आत्ताच सांगून टाकते. हा वायू जमिनीतून, विटांतून, भिंतींतून सारखा झिरपत असतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो, बंद घरात साठतो. म्हणजे किरणोत्सर्गाच्या भीतीने खिडक्या लावून घेतल्या, की घरातला किरणोत्सर्ग वाढतो. आणि हा साठलेला रेडॉन त्या नकाशावर दिसत नाही, कारण नकाशाची यंत्रं बाहेरच्या गॅमा किरणांची असतात. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसाठी आपण खिडकी उघडी ठेवतो ते या बाबतीत चांगलंच आहे.

आता यंत्राबद्दल. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक यंत्र असतं आणि सगळी यंत्रं सारख्या तोलामोलाची नसतात. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं देशभर जाळं आहे, ५०० हून अधिक ठिकाणी. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली, त्यानंतर जपानमध्ये सेफकास्ट नावाचं लोकांचं जाळं उभं राहिलं. त्यांचे स्वयंसेवक गाडीला छोटं यंत्र लावून जगभर फिरतात. आणि मग हजारो घरगुती यंत्रं आहेत. कुणी ऑनलाइन किट मागवून गच्चीवर लावलं, वायफायला जोडलं, की आला ठिपका नकाशावर. या सगळ्यांच्या पोटात बहुतेक वेळा एक गायगर नळी असते. नळी डोस मोजत नाही, ती टिकटिक मोजते. मिनिटाला किती टिकटिक, म्हणजे काउंट्स, आणि मग त्यावरून गुणाकाराने सिव्हर्ट. प्रत्येक नळीचा गुणक वेगळा असतो. सेफकास्टवाले एलएनडी-७३१७ ही पसरट, चकतीसारखी नळी वापरतात. तिला मिनिटाला ३३४ काउंट्स आले की तासाला १ मायक्रोसिव्हर्ट धरतात. घरगुती यंत्रांत बरेचदा एसबीएम-२० ही रशियन नळी असते. तिचा साधारण १७५ ला १ असा हिशेब लावतात. म्हणून एकाच गच्चीवर एक यंत्र ३७ काउंट्स दाखवेल, दुसरं २०, आणि दोघंही खरं बोलत असतील. ज्या नकाशावर नुसते काउंट्स आहेत, त्यावर दोन शहरांची तुलना करूच नका.

त्याच छोट्या नळीची आणखी एक गोष्ट. एसबीएम-२० ला मिनिटाला सरासरी २० काउंट्स येतात, म्हणजे ०.११. पण हे वीस दर मिनिटाला मोजून वीस येत नाहीत. अणू फुटतात ते आपापल्या मर्जीने. कधी १६ येतात, कधी २४, आणि २० च्या सरासरीवर अधूनमधून ३० सुद्धा येतात. दिवसाची १४४० मिनिटं धरली, तर काहीही घडलेलं नसताना तीसेक मिनिटं तरी ३० किंवा त्याहून जास्त काउंट्सची असणार. ३० काउंट्स म्हणजे किती? ०.१७. जावयांच्या चित्रात होता तोच आकडा. म्हणजे फक्त एका मिनिटाचा आकडा पाहिला असता, तर पावसाचंही कारण शोधायची गरज नव्हती. पण तुम्ही चांगलं केलंत, आलेख दोन-अडीच तास बघत राहिलात आणि चढ-उतार कसा झाला ते लिहून पाठवलंत. एवढा वेळ टिकलेला फुगवटा योगायोगाचा नसतो.

पावसात काय होतं, ते मी पुस्तकातून सांगण्यापेक्षा आमच्या पोर्चमधलं सांगते. तीन वर्षांपूर्वी शेजारची नववीतली मुलगी विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी हवं म्हणून माझ्याकडे आली होती. जूनचा दुसरा आठवडा, दुपारभर उकाडा, आणि पाचच्या सुमाराला आभाळ भरून आलं. मी तिला थांबायला सांगितलं. पाऊस सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांनी जोर कमी झाला, तेव्हा आम्ही टिश्यू पेपरने उघड्यावर उभ्या गाडीचं बॉनेट आणि टप पुसून घेतला, कागदाची घडी केली आणि चकतीच्या नळीखाली ठेवली. आधी त्या टेबलावर मिनिटाला ३८ काउंट्स येत होते. कागद ठेवल्यावर २१० आले. मुलगी दोन पावलं मागे सरकली. तिची आजी दारात उभी होती, ती म्हणाली, “काहून ओरडून राहिलं जी हे मशीन? कागद फेकून द्या ना तो.” मी म्हटलं, आजी, अर्धा तास थांबा. मुलीला वहीत वेळ लिहायला बसवलं. अर्ध्या तासाने १२४. एका तासाने ८० च्या आसपास. दोन तासांनी ५० च्या आत. कागद तोच, कुणी त्याला हातही लावला नव्हता.

झालं होतं असं. जमिनीतून निघालेला रेडॉन हवेत फुटतो आणि त्यातून शिशाचे आणि बिस्मथचे अल्पायुषी अणू तयार होतात: शिसं-२१४, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून जायला लागणारा वेळ, २७ मिनिटांच्या आसपास, आणि बिस्मथ-२१४, त्याचं २० मिनिटं. हे अणू हवेतल्या धुळीला चिकटून तरंगत राहतात. पाऊस आला की ढगातून आणि हवेतून धुतले जाऊन एकदम जमिनीवर येतात. वर पसरलेलं सगळं काही मिनिटांत आपल्या पायाशी, म्हणजे यंत्राच्याही पायाशी येतं, आणि आकडा चढतो. पाऊस थांबला की नवा पुरवठा बंद. जमिनीवर आहे ते अर्ध्या-अर्ध्या तासाला निम्मं होत जातं. दोन-तीन तासांत आलेख जागेवर. चढण उभी, उतार सौम्य, असा त्याचा आकार असतो. तो एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही. त्या मुलीने वहीतल्या आकड्यांचा आलेख काढला तेव्हा तिला तो अर्धायुष्याचा वळसा स्वतःच्या हाताने मिळाला. प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही, पण आजी आता पाऊस आला की विचारते, आज नाही का पुसत गाडी.

पहिल्या पावसात हा फुगवटा जास्त ठळक दिसतो. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये झडीच्या दिवसांत उलटंच दिसू लागतं: जमीन पाण्याने भरली की ते पाणी खालच्या मातीचे किरण थोडे अडवतं आणि आलेखाची तळरेषाच किंचित खाली बसते. हिवाळ्यात तिसरा प्रकार. डिसेंबरच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकून बसते, तिच्याबरोबर रेडॉनही, आणि सूर्य वर येईपर्यंत आकडा जरासा चढलेला असतो. वर्षभर एकाच ठिपक्याकडे बघणाऱ्याला त्यात ऋतू दिसतात.

ठिकाणाचाही फरक असतो आणि नागपूर त्यासाठी फार चांगलं गाव आहे. आपण दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्वेकडच्या काठावर बसलो आहोत. सेमिनरी हिल्स, सीताबर्डीची टेकडी, काटोल रोडचा पट्टा हा सगळा बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम तिन्ही कमी. पूर्वेला आणि ईशान्येला गेलात की खडक बदलतो, जुने नाइस आणि ग्रॅनाइटच्या जातीचे दगड लागतात. एका रविवारी मी मीटर मांडीवर ठेवून काटोल रोडवरून निघाले ती थेट रामटेकपर्यंत गेले. पश्चिमेला ०.०७ च्या आसपास रेंगाळणारा आकडा पुढे ०.१२-०.१३ पर्यंत चढला. म्हणजे पाऊण-एक तासाच्या गाडीप्रवासात जवळपास दुप्पट, आणि तेही लाखो वर्षं जसंच्या तसं असलेलं. सिव्हिल लाइन्समध्ये अणुखनिज संचालनालयाचं कार्यालय आहे. तिथल्या भूगर्भशास्त्रज्ञांचं तर कामच हे, की दगडाच्या या फरकावरून युरेनियम कुठे आहे ते शोधायचं. तुमच्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा असेल तर मीटर त्यावर टेकवून बघा, बाहेरच्या अंगणापेक्षा जास्त दाखवेल. आमच्या ओट्यावर ०.१६ येतं. त्यावर मी वीस वर्षं पोळ्या लाटतेय.

आणि जास्त म्हणजे किती जास्त असू शकतं? केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, थोरियमने भरलेली. तिथे काही जागी नैसर्गिक डोस आपल्या कित्येक पटींनी जास्त आहे आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथल्या सुमारे ७० हजार रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. याचा अर्थ किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असा मी काढत नाही, माझी नोकरीच त्याच्यापासून लोकांना सांभाळण्याची आहे. पण ०.११ चं ०.१७ झालं म्हणून गरोदर मुलीला कोंडून ठेवायचं नसतं, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

रंगांवर विश्वास ठेवू नका. पिवळा कुठे सुरू होतो हे नकाशा बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. एका नकाशावर ०.१५ ला पिवळा, दुसऱ्यावर ०.५ ला. काही नकाशे तर दोन ठिपक्यांमधली जागा आपोआप रंगवून टाकतात. मग एका यंत्रापायी अख्खा विदर्भ केशरी दिसतो, आणि मध्ये गोंदिया-गडचिरोलीत एकही यंत्र नसतं. शिवाय तारीख बघा. गाडीवरून मोजलेले आकडे वर्षानुवर्षं जुने असू शकतात. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातल्या टेकड्यांमधून किरणोत्सर्ग गळतोय अशा बातम्या फिरत होत्या, तेव्हा माझ्याकडे एकाच दिवशी सात-आठ चित्रं आली. त्यातलं एक तर २०११ चं जपानचं निघालं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तेव्हा स्पष्ट सांगितलं, की पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही.

आता एकट्या ठिपक्याच्या उडीबद्दल. काही वर्षांपूर्वी धंतोलीतल्या एका कॉलेजच्या मुलाने खोलीच्या खिडकीत यंत्र लावलं होतं आणि ते एका लोकांच्या नकाशाला जोडलं होतं. त्याचा फोन आला, आवाज घाबरलेला. “मॅडम, रोज सकाळी अकराच्या पुढे माझं मीटर ०.५, ०.६ होते. दहा-पंधरा मिनिटं राहते आणि खाली येते. दिवसातून चार-पाच वेळा.” मी त्याला पंधरा दिवसांचा आलेख पाठवायला सांगितला. उड्या अकरा ते दोनमध्येच होत्या. एकही रात्रीची नाही. आणि दोन्ही रविवार साफ कोरे. रविवारी सुट्टी घेणारा किरणोत्सर्ग म्हणजे माणसाच्या कामकाजाचा किरणोत्सर्ग, एवढं तिथेच कळलं. मी प्रत्यक्ष गेले. खिडकी पहिल्या मजल्यावर, खाली चहाची टपरी, आणि गल्लीच्या टोकाला एक तपासणी केंद्र. हाडांच्या स्कॅनसाठी पेशंटला टेक्नेशियम-९९एम चं इंजेक्शन देतात आणि स्कॅनला दोन-तीन तास थांबायचं असतं. पेशंटने आत, ठरवून दिलेल्या जागेतच बसावं अशी अपेक्षा असते, पण इथे त्यांना कुणी अडवत नव्हतं. बिचारे नातेवाइकांबरोबर चहाला खाली येत होते. खिडकीपासून चार मीटरवर उभा असलेला पेशंट म्हणजे ती ०.५ ची उडी.

त्या मुलाला यातून मिळालेला डोस मोजला: पंधरा मिनिटांच्या एका उडीला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या जवळपास. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, दुसऱ्या दिवशी पेशंट जवळपास कोरा होतो. धोका नव्हता. पण केंद्राने पेशंटला असं बाहेर सोडणं बरोबर नव्हतंच, आणि मी जाऊन तिथल्या जबाबदार माणसाशी बोलले. बसायची जागा सुधारली, उड्या थांबल्या. त्या मुलाचा मला आजही अभिमान वाटतो. त्याने चित्र काढून पन्नास जणांना पाठवलं नाही, पंधरा दिवस नोंदी ठेवल्या. एकटा ठिपका उसळला आणि शेजारचे शांत असले, की कारण त्या यंत्राच्या दहा-वीस मीटरच्या आत शोधायचं. पेशंट असेल, जवळ पाइपलाइनच्या वेल्डिंगची रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी तपासणी, चालू असेल, नाहीतर यंत्रच बिघडलं असेल. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात सर्किट भाजून निघतं आणि जूनमध्ये त्यातच ओल शिरते; नळीला लागणारा ४०० व्होल्टचा दाब अशा ओलीत गळायला लागला की ती भलतेच आकडे फेकते.

मोठ्या जाळ्यांनाही हे चुकलेलं नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन सैन्य चेर्नोबिलच्या प्रतिबंधित भागात शिरलं आणि तिथल्या यंत्रांचे आकडे एकदम अनेक पटींनी वाढलेले दिसले. रणगाड्यांनी माती उडवली, असं जगभर सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांनी त्या नोंदी बारकाईने तपासल्या तेव्हा मातीचं गणित जुळेना. बिनतारी संदेशांतल्या अडथळ्यामुळे आकडे बिघडले असण्याची शक्यता त्यांनी मांडली.

नकाशाला काय दिसत नाही, तेही तुम्हाला माहीत असायला हवं. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगाराच्या दुकानात कोबाल्ट-६० निघालं, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं होतं. एक माणूस दगावला, बाकीचे भाजले. कुठल्याही शहराच्या नकाशाला ते दिसलं नसतं, कारण सोर्सचा जोर अंतराच्या वर्गाने कमी होतो. दुकानात जीवघेणा असलेला सोर्स दोन किलोमीटरवरच्या यंत्राला कळतही नाही. २०१७ च्या शरदात युरोपभर हवेत रुथेनियम-१०६ सापडलं, ते हवा गाळणाऱ्या कागदांवर. गॅमाचे आकडे जागचे हललेही नव्हते. अन्न-पाण्यातलंही या ठिपक्यांना कळत नाही. आणि मोबाइल टॉवरचा तर याच्याशी संबंधच नाही, त्या लहरी वेगळ्या, ही यंत्रं त्या मोजतच नाहीत.

मग खरा धोका कसा दिसतो? फुकुशिमा शहरात, अणुकेंद्रापासून ६० किलोमीटरवर, १५ मार्च २०११ च्या संध्याकाळी आकडा तासाला २४ मायक्रोसिव्हर्टपर्यंत गेला. २४, म्हणजे तुमच्या ०.१७ च्या १४० पट. तो दोन तासांत उतरला नाही, दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे हळूहळू खाली येत गेला, कारण जमिनीवर बसलं होतं ते आयोडीन-१३१, आठ दिवसांच्या अर्धायुष्याचं, आणि सीझियम, वर्षानुवर्षांचं. आणि तो एकट्या ठिपक्याचा आकडा नव्हता. वाऱ्याच्या वाटेवरची यंत्रं एकामागून एक चढत गेली होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, लोकांना तात्पुरतं दुसरीकडे हलवण्याचा विचार तासाला १०० मायक्रोसिव्हर्टला येतो, आणि स्थानिक दूध-भाजी थांबवून तपासण्याचा १ मायक्रोसिव्हर्टला. नागपूरचा, वर्ध्याचा, अमरावतीचा, भंडाऱ्याचा ठिपका एका पाठोपाठ एक १ च्या वर गेला, आभाळ कोरडं असलं आणि सहा तासांनीही कुणी उतरलं नाही, तर मला रात्री दोनलाही फोन करा. त्याआधी भाभा केंद्राच्या लोकांना कळलेलं असेल, पण करा.

तोपर्यंत औषधांच्या दुकानातून पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या आणून ठेवू नका, आणि आणल्या असतील तर मुलीला चुकूनही देऊ नका. त्या फक्त किरणोत्सर्गी आयोडीन हवेत असेल तेव्हाच्या, सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. एरवी त्या पोटातल्या बाळाच्या थायरॉइडला त्रास देऊ शकतात. आयोडीन मिळावं म्हणून जास्त मीठ खाऊनही काही होत नाही, रक्तदाब वाढेल तेवढा. तुमच्या डॉक्टरबाईंनी लिहून दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र वेळेवर चालू ठेवा.

जावयांना एवढं सांगा, की पुढच्या वेळी चित्र पाठवताना चोवीस तासांचा आलेख पाठवा, एककासकट आणि तारखेसकट, आणि शेजारच्या दोन-तीन ठिपक्यांचेही. सोबत त्या संध्याकाळचा पावसाचा अंदाजही उघडून बघा. मुलीलाच बघू द्या. विजा चमकायला लागल्या की नकाशा उघडून ठेवायचा आणि किती मिनिटांनी रेघ वर वळते ते मोजायचं. घरात बसून कंटाळलेल्या मुलीला हे आवडेल.

आणि डोहाळजेवण गच्चीवरच करा. फक्त जूनचे दिवस आहेत, वर मांडव घालून घ्या, म्हणजे पाऊस आलाच तर ओटी भरायची मध्येच थांबवावी लागणार नाही.